ज्याचे त्याचे पोट

गेल्या भाऊबीजेला आमच्या खारघरच्या घरी बासुंदीवरून जे घडले ते लिहावे की न लिहावे, याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो. घरातली गोष्ट चारचौघांत मांडण्याची आमच्याकडे रीत नाही. पण गोष्ट साधीच आहे, आणि तिचा माग काढताना जो इतिहास वाचावयास मिळाला तो इतका गमतीचा आहे, की घरच्या मंडळींची क्षमा मागून ती सांगून टाकतो.

पानावर आम्ही अकरा जण होतो. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आत्यापासून सहा वर्षांच्या पुतण्यापर्यंत सर्वांनी एकाच पातेल्यातली बासुंदी खाल्ली. आत्याने दोन वाट्या घेतल्या, आणि तिसरीवर तिची नजर होती. जेवणे उरकून तास-दीड तास होतो न होतो तोच माझा चुलतभाऊ पोट धरून आत गेला. पाठोपाठ भाचीच्या पोटात कळा येऊ लागल्या. बाकीचे नऊ जण ठणठणीत. अशा वेळी घरात काय होते ते वाचकांना सांगावयास नकोच. दूध कुठले होते, रात्री ते बाहेरच तर राहिले नव्हते ना, चारोळी जुनी तर नव्हती, असे प्रश्न हवेत सुटतात. नाव कोणाचेच घेतले जात नाही. आणि ज्या बाईने ओट्यापुढे तासन्‌तास उभे राहून दूध आटवलेले असते, तिला ते सगळे ऐकू येते. संध्याकाळी माझ्या धाकट्या भावजयीने ते पातेले घासून-पुसून माळ्यावर टाकले आणि यापुढे बासुंदी विकतची आणा, असे सांगून ती मोकळी झाली. आत्या तेवढी म्हणाली, "अगं, पातेलं काय करील? ज्याचं त्याचं पोट!"

आत्याचे बोलणे आम्ही समजुतीचे म्हणून सोडून दिले. मला मात्र ते वाक्य सुटेना. एका छताखाली राहणाऱ्या, एका पातेल्यातले खाणाऱ्या दोन माणसांची पोटे आतून खरोखरच निराळी असतात काय? आणि असली, तर ती कशाने निराळी होतात? उरलेला हिवाळा मी या प्रश्नाच्या मागे घालविला.

पोटाच्या आत जंतूंची केवढी वस्ती आहे याची वाचकांना थोडीफार कल्पना असेलच. आपल्या शरीरात आपल्या स्वतःच्या पेशी सुमारे तीस लाख कोटी, आणि जंतू सुमारे अडतीस लाख कोटी, असा २०१६ साली शास्त्रज्ञांनी मांडलेला हिशेब आहे. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. म्हणजे नुसत्या डोकेमोजणीने मत घेतले, तर आपल्या देहात आपण अल्पसंख्य ठरू. ही वस्ती पहिल्यांदा ज्याला दिसली तो कोणी वैद्य नव्हता. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा तो कापडाचा व्यापारी होता. अँटनी व्हान लेव्हेनहुक हे त्याचे नाव. स्वतः घासून केलेल्या भिंगातून तो जे दिसेल ते पाहात असे, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रे लिहून कळवीत असे. १६८१ साली त्याचे पोट बिघडले, तेव्हा त्याने भिंगाखाली काय धरले हे दिवाळीच्या अंकात फोड करून सांगत नाही. पण त्यात त्याला हालणारे, पोहणारे बारीक जीव दिसले.

मला महत्त्वाचे वाटते ते त्याचे पुढचे, १६८३ चे पत्र. त्यात त्याने दातांवरचा मळ तपासला आहे, आणि एकट्याचाच नव्हे. स्वतः तो रोज मिठाने दात घाशी. मग त्याने दोन बायकांचा, एका आठ वर्षांच्या मुलाचा आणि जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याचाही मळ पाहिला. त्या म्हाताऱ्याच्या तोंडात तर जीवांची नुसती जत्रा भरली होती. माणसामाणसांतली जंतुवस्ती शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा, माझ्या माहितीतला, हा पहिलाच प्रसंग. पुढे १६९२ साली त्याने पुन्हा स्वतःचे दात तपासले, तर समोरच्या दातांवर जिवंत जीव काही दिसेनात. याचे कारण त्याने शोधले ते सकाळच्या कढत कॉफीत! मागच्या दाढांपाशी, जिथे कॉफीचा चटका पोचत नव्हता तिथे, मंडळी सुखरूप होती. एकाच माणसाची वस्ती वर्षावर्षाने बदलते, आणि ती त्याच्या सवयीने बदलते, हे त्या व्यापाऱ्याने कॉफीच्या कपावरून ओळखले होते. पुढची दोनशे वर्षे मात्र या धाग्याला कोणी फारसा हात लावला नाही.

तो धागा उचलला म्युनिकच्या एका बालवैद्याने. टेओडोर एशेरिख हा १८८४ साली नेपल्सच्या पटकीच्या साथीत काम करून परतला होता. सगळ्या युरोपात तेव्हा रोगाचे जंतू शोधण्याची धामधूम चालली होती. हा गृहस्थ मात्र निरोगी, नुकत्या जन्मलेल्या बाळांचे लंगोट तपासीत बसला. त्याला असे आढळले, की बाळाची पहिली काळी शी निर्जंतुक असते, आणि काही तासांतच तिच्यात जंतू दिसू लागतात. कोठून आले? आईकडून नि भोवतालच्या जगाकडून. पुढे बाळ अंगावर पीत असेपर्यंत एक मंडळी, आणि वरचे अन्न सुरू झाले की दुसरी. त्याने १८८५ साली वर्णिलेल्या एका जंतूला पुढे त्याचेच नाव मिळाले. तोच आज पाण्याच्या तपासणी अहवालात आपल्याला भेटणारा ई. कोलाय. बिचारा एशेरिख! आयुष्यभर बाळांची सेवा केली आणि नाव राहिले ते गढूळ पाण्याच्या अहवालात.

त्याच्यानंतर १८९९ च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंरी टिसिए याने अंगावर पिणाऱ्या बाळांच्या पोटात दोन फाटे फुटलेल्या काडीसारखा एक जंतू विपुल पाहिला. त्याला आज बिफिडोबॅक्टेरियम म्हणतात. बाळाच्या पोटात त्याचीच इतकी चलती का, याचा उलगडा पुष्कळ पुढे झाला, आणि तो मला तरी अद्भुत वाटला. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला मुळी पचतच नाहीत. मग त्या असतात कशाला? तर या जंतूंसाठी! आई एकाच वेळी बाळाला जेवू घालते आणि बाळाच्या पोटातल्या बिऱ्हाडकरूंचेही पान मांडते.

निरोगी पोटांची ही चौकशी एकीकडे चालली असताना दुसरीकडे पटकीने एक निराळाच प्रश्न उभा केला होता. रॉबर्ट कोखने कलकत्त्यात १८८४ साली पटकीचा जंतू निश्चित केला. पण म्युनिकचे वृद्ध आचार्य पेटेनकोफर यांना ते पटेना. नुसत्या जंतूने रोग होत नाही, हे दाखविण्यासाठी १८९२ साली त्यांनी पटकीच्या जंतूंचे पाणी सरळ पिऊन टाकले. त्यांना थोडी ढाळ लागली, इतकेच. त्याच सुमारास पॅरिसमध्ये मेचनिकॉफने तोच प्रयोग स्वतःवर आणि काही स्वयंसेवकांवर केला. स्वतः त्याला काहीही झाले नाही. एका तरुणाला मात्र पटकीने गाठले. पेला तोच, जंतू तेच, आणि परिणाम निराळे! मेचनिकॉफला त्या तरुणाचा धसका तर बसलाच, पण एक कल्पनाही सुचली: पोटात आधीपासून राहणारे जंतू नव्या पाहुण्याला कधी वाट देत असतील, कधी अडवीत असतील. पुढे त्याने आंबट दह्याचे जे स्तोम माजविले, त्याचे मूळ येथे आहे. दह्याने माणूस शंभर वर्षे जगतो हे त्याचे म्हणणे पोरकट होते. पण पोटातल्या जुन्या वस्तीला मत असते, ही गोष्ट खरी निघाली.

याच मेचनिकॉफचा ओडेसातला विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन. प्लेगच्या साथीत १८९६ साली तो मुंबईत आला आणि पुढच्या जानेवारीत त्याने आपली लस स्वतःवर टोचून घेतली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आज जी संस्था आहे ती त्याच्याच नावाची. परळची आठवण मी येथे मुद्दाम काढली; आम्हा खारघरकरांचे परळशी एक नाते आहे, आणि पुढे त्या वाटेने परत यावयाचे आहे.

पहिल्या महायुद्धातली एक गोष्ट तर कादंबरीत शोभावी अशी आहे. बाल्कनच्या आघाडीवर शिपाई हगवणीने पटापट आजारी पडत होते. त्यात एक शिपाई असा निघाला की त्याला काहीच होईना. तोच तंबू, तेच पाणी, तोच शिधा. फ्रायबुर्गचा आल्फ्रेड निसले याने १९१७ साली त्या शिपायाच्या पोटातून ई. कोलायचाच एक सज्जन वाण वेगळा काढला. हगवणीच्या जंतूंना तो जागाच घेऊ देत नसे. तो वाण आज शंभर वर्षांनंतरही निसलेच्या नावाने औषध म्हणून दिला जातो. शिपायाचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही.

यानंतर या विषयावर पडदा पडला म्हटले तरी चालेल. प्रतिजैविके आली, साथी आटोक्यात आल्या, जंतू म्हणजे शत्रू हे समीकरण पक्के झाले. शिवाय एक अडचण होती. आतड्यातल्या बहुतेक जंतूंना हवेतला प्राणवायू सोसत नाही. बाहेर काढले की ते मरतात. ज्यांना बशीत वाढविता येत नाही त्यांची गणती कशी करणार? १९७७ साली अमेरिकेत कार्ल वोझ यांनी जंतूंच्या पेशीतल्या एका विशिष्ट रेणूच्या लिपीवरून त्यांची कुळे ओळखण्याची रीत बसविली, आणि मग जंतू न वाढविताही त्यांची खानेसुमारी करता येऊ लागली.

आता आपण पुण्यास येऊ. कारण आत्याच्या वाक्याची परीक्षा खरी झाली ती पुण्यात. तेथल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातले योगेश शौचे आणि त्यांचे सहकारी नचिकेत मराठे व सुदर्शन शेट्टी यांनी आघारकर संशोधन संस्थेतल्या दिलीप रानडे व विक्रम लांजेकर यांच्यासह एक अभ्यास केला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी निवडली दोन निरोगी एकत्र कुटुंबे. प्रत्येक कुटुंबातून तीन माणसे, लागोपाठच्या तीन पिढ्यांतली, एकाच छताखाली राहणारी. म्हणजे आपले नेहमीचे घर! परदेशी शास्त्रज्ञांना जुळी भावंडे शोधत हिंडावे लागते. आजोबा, बाप आणि नातू एका पंगतीला बसलेले आयते मिळणे हे आपल्याच मुलखात.

त्यांनी त्या सहाजणांच्या जंतूंमधले आनुवंशिक द्रव्य घेऊन जेलीसारख्या थरातून विजेच्या ओढीने सरकविले. निरनिराळ्या जंतूंचे द्रव्य निरनिराळ्या जागी थांबते, आणि पट्ट्यांची एक नक्षी उमटते, कापडाच्या काठासारखी. एकाच घरातल्या तिघांचे काठ सारखे येतील अशी तुमची-माझी अपेक्षा. पण वयागणिक नक्षी निराळी आली. कोणाच्या पोटात एका कुळाचे प्राबल्य, कोणाच्या पोटात दुसऱ्याच. रानडे यांच्या संस्थेत प्राणवायूविना वाढणाऱ्या जंतूंचा अभ्यास पूर्वीपासून चालत आलेला. त्या कसबाने त्यांनी बावीस जंतू जिवंत वाढविले, तर त्यांतले सहा जगाला बहुधा अपरिचितच असावेत असे दिसले. यांपैकी मेगास्फेरा नावाच्या कुळातला एक जंतू २०१४ साली 'इंडिका' हे नाव धारण करून शास्त्रात रुजूही झाला. आणखी एक चमत्कार असा, की फर्मिक्यूट्स आणि बॅक्टेरॉइडेट्स या दोन मोठ्या घराण्यांपैकी पहिले वयाबरोबर घटत गेलेले आणि दुसरे वाढत गेलेले दिसले. युरोपात आढळलेली रीत याहून निराळी होती.

माणसे अवघी सहा. एवढ्यावरून साऱ्या देशाचे अनुमान काढू नये, आणि त्या संशोधकांनीही ते काढले नाही. अधिक अभ्यास हवा असेच त्यांनी लिहून ठेवले. तो पुढे झालाही. २०१६ साली दिल्ली आणि पुणे येथल्या लोकांच्या तपासणीत प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा या दोन कुळांचे आपल्याकडे विशेष प्राबल्य दिसले. २०१८ साली देशभरातल्या चौदा ठिकाणच्या १,००४ माणसांची नोंद झाली. तरीही मला ती सहा माणसेच अधिक जवळची वाटतात. हजारांच्या आकड्यात घर दिसत नाही.

त्या अभ्यासाच्या आरंभीच 'वाय-वाय विरोधाभास' असा एक उल्लेख येतो. त्याची कथाही पुण्याचीच. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा मधुमेहतज्ज्ञांनी २००४ साली स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वरून पाहावे तर दोघेही सडपातळ. काटा सारखा म्हणून माणूस सारखा नव्हे.

हे निराळेपण येते कोठून? रक्तातून, असे आपल्याला चटकन वाटते. "आमच्या घराण्याचे पोटच नाजूक" हे वाक्य प्रत्येक घराण्यात असते. २०१८ साली इस्रायलमध्ये निरनिराळ्या वंशांच्या हजारावर माणसांची तपासणी झाली. तिच्यात रक्ताचा वाटा दहा टक्क्यांच्या आतच निघाला. खाणेपिणे, औषधे आणि राहणी यांचा पुष्कळ अधिक. मग घराचा वाटा किती? २०२३ साली नऊ हजारांवर नमुन्यांचा एक हिशेब प्रसिद्ध झाला. एकाच जातीचा जंतू दोघांच्या पोटात असेल, तर तो अगदी त्याच वाणाचा किती वेळा असतो, हे त्यात पाहिले होते. पहिल्या वर्षात आई आणि बाळ यांच्यात हे प्रमाण सुमारे पन्नास टक्के. पुढे एका घरात राहणाऱ्यांत सुमारे बारा टक्के. वर्षानुवर्षे एका ताटात जेवूनसुद्धा बारा!

आईकडून मिळालेल्या त्या पहिल्या वस्तीला पुढे काय काय भोगावे लागते, याची यादी केली तर माणसाचे चरित्रच लिहावे लागेल. जन्म कसा झाला येथपासून आरंभ. २०१९ साली इंग्लंडमधल्या ५९६ बाळांच्या अभ्यासात, पोट चिरून जन्मलेल्या बाळांत आईकडून येणारे काही जंतू कमी आणि रुग्णालयातले अधिक आढळले. मग अंगावरचे दूध किती महिने, लहानपणी प्रतिजैविके किती वेळा, ताटात भाकरी-भाजी अधिक की मैदा अधिक, घरात कुत्रे आहे की नाही, कोणता ताप कोणत्या वयात येऊन गेला. अमेरिकेतल्या दोघा गृहस्थांनी वर्षभर रोज स्वतःची तपासणी केली; तिचा वृत्तान्त २०१४ साली आला. एक जण परदेशी राहून आला: त्याची वस्ती तेथे बदलली आणि घरी परतल्यावर पूर्वपदावर आली. दुसऱ्याला विषारी अन्नाची बाधा झाली, आणि त्याच्या पोटातले बरेचसे जुने रहिवासी कायमचे गेले. त्यांच्या जागी दुसरे आले. दोन-चार दिवसांचे दुखणे, पण त्याची निशाणी राहून गेली.

या सगळ्यांत मला सर्वांत विचार करावयास लावणारे कारण निराळेच आहे: आधी कोण आले? जंतुरहित वाढविलेल्या उंदरांवर प्रयोग झाले आहेत. तेच जंतू निराळ्या क्रमाने पोटात सोडले तर अखेरची वस्ती निराळी होते. आधी येणारा जागा धरून बसतो आणि मागून येणाऱ्याला त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. खारघरकराला हे समजावयास प्रयोगशाळा नको. खारघर, ओवे, मुर्बी, कोपरा, बेलपाडा ही गावे येथे आधीची. सिडको आली ती १९७० साली. सेक्टर आखले गेले ते गावठाणांना वळसे घालून. सरळ चाललेला रस्ता मध्येच का वाकतो, हे नुसता नकाशा पाहून कळत नाही. तेथे आधी कोणाची घरे आणि कोणाचे देऊळ होते, हे कळले की कळते. आमच्या घरातल्या अकरा जणांची पोटेही अशीच अकरा गावे आहेत, म्हणावयाचे.

आता ते परळचे नाते. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे आपल्याकडल्या विकृतिशास्त्राचे आद्य आचार्य. कर्करोग सर्वांना सारखा का होत नाही, हा प्रश्न त्यांनी फार आधी विचारला होता. १९४५ साली त्यांनी व सूर्याबाई यांनी एक निबंध लिहिला. धोतराच्या घट्ट गाठीखाली कमरेवर होणारा, पेटते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा आणि खैनी धरणाऱ्यांच्या ओठाला होणारा, असे कर्करोगाचे तीन प्रकार त्यात सांगितले होते. रोग एकच, पण माणसाच्या सवयीप्रमाणे तो जागा निवडतो. याच खानोलकरांच्या नेतृत्वाखाली १९५२ साली परळला कर्करोग संशोधनाची संस्था निघाली; १९६६ साली ती आणि टाटा रुग्णालय एकत्र आले, आणि २००२ पासून तिचे बिऱ्हाड आमच्या खारघरला, सेक्टर २२ मध्ये, डोंगराच्या पायथ्याशी आहे. ॲक्ट्रेक म्हणून रिक्षावाले तिला ओळखतात. सकाळी फिरावयास निघालो की हातात फाइल नि पिशवी घेतलेली, दूर-दूरच्या प्रांतांतली माणसे तिकडे जाताना दिसतात.

तेथे अमित दत्त यांच्या प्रयोगशाळेने २०२२ साली जिभेच्या कर्करोगाविषयी एक शोध प्रसिद्ध केला. फ्युसोबॅक्टेरियम हा तोंडात आणि आतड्यात आढळणारा जंतू काही रुग्णांच्या गाठीत असतो, काहींच्या नसतो. आणि रोग आरंभीच्याच पायरीवर असलेल्या ज्या रुग्णांत तो अधिक, त्यांच्यात दाह अधिक व आयुष्यमान कमी, असे त्यांना दिसले. १६८३ साली डेल्फ्टच्या म्हाताऱ्याच्या दातांत जी जत्रा दिसली, तिची कोणाच्या तोंडात कोणती पालखी, यावर आज जीवित अवलंबून असू शकते.

औषधांचेही तेच. हृदयासाठी डिजॉक्सिन नावाची जुनी गोळी आहे; आमच्या आत्यानेही काही वर्षे ती घेतली. काही माणसांच्या पोटातला एक जंतू ही गोळी रक्तात जाण्याआधीच निकामी करतो. १९८९ साली वेल्लोरच्या आणि न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मिळून मोजणी केली: न्यूयॉर्ककरांत असे लोक शेकडा सुमारे छत्तीस, दक्षिण भारतीयांत सुमारे चौदा, त्यातही खेड्यांपेक्षा शहरांत अधिक. २०१८ साली शिकागो, ह्यूस्टन आणि पॅरिस येथल्या तीन गटांनी दाखविले की, शरीराची प्रतिकारशक्ती चेतवून कर्करोगाशी झुंजणारी नवी औषधे कोणाला लागू पडतात आणि कोणाला नाही, याचा संबंध त्यांच्या पोटातल्या वस्तीशी आहे. फाइल घेऊन जाणाऱ्या त्या माणसांना "तुझ्या शेजाऱ्याला गुण आला, तुला का नाही" असे विचारण्याआधी आपण जरा थांबावे, इतके हे गंभीर आहे. आणि याच कारणाने, एक नमुना पाठवा, आम्ही तुमच्या पोटाची कुंडली मांडून चूर्ण देतो, असे सांगणाऱ्या जाहिरातींना भुलू नये असे माझे स्पष्ट मत आहे. वस्तीची यादी करणे आज सोपे झाले आहे. कोणाला काढावे आणि कोणाला बसवावे, हे ज्ञान अजून तेवढे पिकलेले नाही.

राहिली बासुंदी. दुधातली साखर पचविणारा पाचकरस लहानपणी सगळ्यांच्या आतड्यात असतो. पुढे पुष्कळांच्या आतड्यात तो आटतो, काहींच्यात टिकतो. आपल्या देशात वायव्येकडून दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे यावे तसतशी टिकणाऱ्यांची संख्या कमी होते. ज्यांचा तो आटला त्यांच्या पोटात ती साखर न पचता मोठ्या आतड्यात उतरते आणि तेथले जंतू तिच्यावर तुटून पडतात. जंतू एका जातीचे असले तर गुडगुड, वायू, कळा; बिफिडोबॅक्टेरियमसारखे असले तर निमूटपणे काम होते. २०२२ साली हॉलंडमधल्या सात हजारांवर लोकांच्या अभ्यासात, पाचकरस आटलेल्यांपैकी जे दूध पितात त्यांच्या पोटात नेमका हाच जंतू अधिक आढळला. म्हणजे रोज थोडे दूध पिणारा माणूस ते पचविणारी मंडळी आत पोसून ठेवतो. आत्या गेली ऐंशी वर्षे रात्री पेलाभर दूध घेते. चुलतभावाने चहादेखील काळा सुरू केल्याला दहा वर्षे झाली, आणि भाची वसतिगृहात राहते, तिथे दुधाचे नाव नाही. बासुंदी म्हणजे तर दूध आटवून निम्मे केलेले. आटते ते पाणी, साखर सगळी वाटीतच राहते. शिळ्या दुधाने कोणाचे पोट बिघडत नाही असे नव्हे, आणि वर्षापूर्वीच्या पातेल्याची तपासणी आता होणे नाही. पण दीड तासात दोघांनाच कळा आणि दुसऱ्या दिवशी दोघेही ठीक, हे चित्र मला तरी या बाजूचे वाटते.

हे सगळे मी भावजयीला वाचून दाखविले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग श्रीखंडाने त्यांना त्रास का होत नाही?" मी पुन्हा पुस्तकात डोके घातले. दही लागताना बरीच साखर विरजणातले जंतूच खातात, आणि चक्का टांगला की उरलेली पुष्कळशी पाण्यावाटे गळून जाते. हे तिला सांगितले, तर ती हसली. श्रीखंडाने त्रास होत नाही हे तिला ठाऊक होते, कारण तेवढे हवे होते.

परवा माळ्यावरून पातेले खाली आले. भाऊबीजेला नऊ जणांची बासुंदी आणि दोघांचे श्रीखंड, असा बेत ठरला आहे. आत्या म्हणते, तिला दोन्ही हवे.